जन्मगावाचा रकाना

मंगळवार, १० जून १९१३, कोल्हापूर

उद्या दरबारच्या कचेरीत तोंडी परीक्षा. शिक्षिकांच्या वर्गात जागा फक्त संस्थानच्या रयतेला. संस्थानचे पेटे, म्हणजे तालुके, पाठ आहेत, नद्याही. शाळेत कधी गेले नाही, पण अब्बांकडे बांधणीला आलेल्या पुस्तकांवर त्यांनी मला घरीच शिकवले. त्याची भीती नाही.

भीती अर्जातल्या जन्मगावाच्या रकान्याची. अब्बांनी तिथे ‘कोल्हापूर’ लिहून खाली सही केली आहे. मी जन्मले निपाणीला, अम्मीच्या माहेरी. म्हणजे इंग्रजी मुलखात.

“पयलं बाळंतपण म्हायेरातच व्हतंय की,” अम्मी म्हणाली. “मग काय निम्मं कोल्हापूर परकं?”

“सव्वा महिन्याची व्हतीस, तवा गाडीतनं आणली तुला,” अब्बा म्हणाले. “तेवढ्यापायी जागा घालवतीस?”

सव्वा महिनाच. पण जन्म तिथलाच ना? विचारले तर काय सांगू? खरे सांगितले तर अब्बांची सही खोटी पडते. गप्प बसले तर पुढे कोणत्या तोंडाने मुलींना शिकवू? दुपारपासून त्या रकान्याखेरीज दुसरे काही दिसत नाही.

शेवटी अर्ज त्यांच्यासमोरच घेतला, ‘कोल्हापूर’ खोडले आणि वर ‘निपाणी’ लिहिले. शाई पसरली. अम्मी उठून चुलीपाशी गेली.

अब्बांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि खोडलेल्या शब्दाशेजारी स्वतःची सही केली.

“आता नद्या म्हण बघू,” म्हणाले.