एकोणसाठचा दिवा

आत्या,

रविवारी तू आजोबांची गाडी बघायला येणार, आणि मी सकाळपासून गॅरेजमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालतोय. फोनवर सांगायला धीर झाला नाही.

गाडी पहिल्यासारखी करायची म्हणून आजोबांच्या म्हाताऱ्या मेकॅनिकना मी मॉडेलचं साल विचारलं. ते म्हणाले, "एकोणसाठचं." मी ऐकलं एकोणसत्तर. मराठी आकड्यांत माझी बोंब तुला माहितीच आहे. मग मागचा डावा, तडकलेला दिवा एकोणसत्तरच्या फोटोशी जुळेना, म्हणून मला नकली वाटला. तो पार्टवाल्याला देऊन मी हौसेने एकोणसत्तरचा 'ओरिजिनल' आणला. तो बसेचना, तेव्हा कागदपत्रं उघडली, तर साल १९५९. आधी का नाही उघडली, विचारू नकोस.

तू शिकताना गाडी मागे घेत फाटकावर घातली होतीस, तेव्हाचाच तो तडा. आजोबांनी तो दिवा कधी बदलू दिला नाही, हे मला दिवा गेल्यावर आठवलं.

पार्टवाला म्हणतो, "तडकलेला होय? कालच गेला की!" नेणाऱ्याचा पत्ता मिळालाय, आत्ताच निघतोय. दिवा मिळाला तर हे पत्र फाडून टाकेन. नाही मिळाला, तर गाडीवरची चादर काढायच्या आधी तुझ्या हातात देईन.

तुझा दीडशहाणा
(हा आकडा मात्र मला बरोबर कळतो.)