जाड्याचं गवत

सोमवार, ४ तारीख

मला विचारलं का कुणी? नाही! नात निघाली शाळेच्या शिबिराला आठ दिवस, आणि तिचे दोन गिनी पिग माझ्या गळ्यात. नाव डुकराचं, तोंड उंदराचं, भूक म्हशीची. एक जाड्या, एक भित्री. वर ही वही – “आजी, काय खाल्लं, किती लेंड्या टाकल्या, रोज लिही हं.” चार यत्ता शिकले त्या लेंड्या मोजायला!

फ्रिजवर कागद चिकटवून गेलीय. अक्षर अक्षर लावून वाचला. सुकं गवत दिवसभर समोर हवं. हिरवं रोज थोडं थोडं वाढवायचं. कात्रीने कापलेलं चालेल, मशीनने कापलेलं अजिबात नाही. औषध फवारलेलं नाही. कुत्री मुततात तिथलं नाही. कापलं की लगेच द्यायचं, साठवायचं नाही.

मला गवत शिकवते! हिच्या बापाला पालेभाजी निवडून निवडून वाढवला मी.

मंगळवार, ५

तीन जिने आणि हे गुडघे. वर सर्दी, नाक चोंदलेलं. इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी कोवळं गवत आहे. तिथे कुत्रं फिरकत नाही. कात्रीने कापलं, धुतलं. दोघांना मूठ मूठ घातलं. जाड्याने असं ओढून घेतलं, जसं काही मीच त्याचं खात होते!

रोज रोज उतरायला मी काय पोस्टमन आहे? तीन दिवसांचं एकदम आणलं. ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठासून भरलं, वर घट्ट झाकण. मेथी अशीच ठेवते मी, चाळीस वर्षं. सून म्हणाली, “आई, फ्रिजमध्ये ठेवू का?” म्हटलं, नको. गार खाऊन पोटात कळ येईल त्यांच्या.

सात वाजता नातीचा फोन. “आजी, जाड्याला पापा दे.” दिला नाही. दिला असं सांगितलं.

बुधवार, ६

सकाळी फडक्याचं टोक सोडून डबा तिरका केला, वरचं गवत पिंजऱ्यात झटकलं. जाड्याने सगळं फस्त केलं. भित्री कोपऱ्यातून हललीच नाही, मूर्ख.

दुपारी जाड्या बसून राहिला. काही खाईना. पोट ढोलासारखं ताणलेलं. लेंडी एक नाही. सुनेला म्हटलं, उचल त्याला, आत्ताच्या आत्ता!

जनावरांची डॉक्टरीण पोट दाबून म्हणाली, “गवत फवारलेलं होतं का? किंवा आंबलेलं?” फवारलेलं! माझं डोकंच फिरलं. सोमवारी इमारतीचा माळी पाठीला पंप बांधून फिरत होता, मी गॅलरीतून पाहिलं ना!

डॉक्टरणीने औषध दिलं. भित्रीला दोन दिवस हिरवं बंद, नुसतं सुकं.

गुरुवार, ७

जाड्या गेला. पहाटे. माझ्या टॉवेलात गुंडाळलेला होता, माझ्याच मांडीवर. एवढासा जीव, आणि जाताना मांडी बधिर करून गेला.

खाली जाऊन माळ्याला धरलं. “काय फवारलंस रे?”

“आजी, पंपात नुसतं पाणी होतं. पानांवरची धूळ धूत होतो.”

“खोटं!”

“माझी शेळी टाकीपाशीच चरते रोज. ती बरी आहे की.”

“शेळी काय, पत्राही पचवते!”

तो गप्प झाला. गप्प झाला म्हणजे चोर, असं मी चार लोकांसमोर म्हटलं. चिरंजीवांनी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावाने अर्ज लिहिला. उद्या दिला की सोमवारपासून माळी बंद. बरं होईल!

संध्याकाळी फोनवर सून म्हणते काय – “दोघं मजेत आहेत, बाळा!” हातातला तांब्या आपटला मी. मेलेल्याला मजेत म्हणायचं? सुनेला अन् चिरंजीवांना ऐकवलं – उद्यापासून हे चालणार नाही. ज्याने जाड्याला मारलं, त्यानेच पोरीला सांगायचं. माळ्याला वर बोलवा आणि त्याच्या कानाला फोन लावा. त्याच्या तोंडून ऐकू दे तिला.

सून म्हणाली, “आई, राहू द्या ना.” नाही राहू देणार!

शुक्रवार, ८

भित्रीच्या चार लेंड्या. टणक, चांगल्या.

सर्दी उतरली. डबा घासायला घेतला. मंगळवारचं गवत तळाशी तसंच होतं. झाकण काढलं तर आंबूस भपकारा. फडकं सोडून आत हात घातला – गरम! बाहेर डबा गार आणि आत ऊन ऊन, ताप आलेल्या पोराच्या बगलेसारखं.

हात तसाच ठेवून उभी राहिले. मग कागद पुन्हा वाचला. साठवायचं नाही. एवढं ठळक लिहिलंय पोरीने.

चिरंजीवांना सांगितलं, अर्ज फाड, माझ्यासमोर. माळ्याकडे मीच जाते, जिने उतरून. त्या चार लोकांनाही बोलावते.

आणि सात वाजता फोन वाजेल, तेव्हा कुणी हात लावायचा नाही. सुनेने नाही, चिरंजीवांनी नाही. मी उचलणार.