समोरच्या खुर्चीचं वजन

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सकाळी १० वाजून ४० मिनिटं. या वेळेला माझं जठर कापलं. डिस्चार्जच्या कागदावर तशी नोंद आहे. ऐंशी टक्के काढून घेतलं, वीस टक्के माझ्यासाठी ठेवलं. केळ्याएवढं.

तक्रार पुढे करीनच. आधी घराबद्दल, कारण घर छान आहे. हुपरीच्या घरून कोल्हापूरला सारखं तपासणीला येणं झेपणार नाही, म्हणून माझ्या मुलाने, प्रसेनजीतने, पुण्यात बसून फोनवरच राजारामपुरीतलं हे बैठं घर सहा आठवड्यांसाठी घेतलं. दारात पेरूचं झाड. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. जेवणाच्या टेबलाला समोरासमोर वेताच्या दोन खुर्च्या, घट्ट विणीच्या. मी कुठेही गेले की आधी खुर्ची पारखते. या टिकतील.

घराबरोबर स्वयंपाकाला बाळाबाईही मिळाल्या. शिरोळकडच्या, माझ्याच वयाच्या, आवाज तोफेसारखा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, या पावणं, ह्या घरात समद्या तुमच्यासारख्याच येत्यात, पोट कापल्याल्या. मी म्हटलं, मी पाहुणी नाही, भाडेकरू आहे. त्या खदखदून हसल्या. आमचं जमेल असं दिसतं.

वजन १०९.४.

रविवार, १६ फेब्रुवारी

दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या बाटलीचं झाकण भरून आळणी. म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, तेही फडक्यातून गाळलेलं. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मून, तांबड्या रश्श्याच्या वाट्या मोजायची सवय कधी लावून न घेतलेल्या बाईला हे झाकण. दोन झाकणांत छाती भरून येते. तिसऱ्याला घाम फुटतो.

आज लिहून टाकते. हे ऑपरेशन मी गुडघ्यांसाठी केलं असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. कबनूरला एका लग्नात प्लॅस्टिकची खुर्ची माझ्याखाली मोडली. मी मांडवात चारी मुंड्या चीत. उचलायला चौघे आले, चित्रीकरण करायला चौदा. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्याच फोनवर आला. त्या हसण्यापायी मी सही केली. चौसष्टाव्या वर्षी, कॉन्व्हेंटात शिकलेली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेली शहाणी बाई, आणि एवढीशी अक्कल.

आता मूळ तक्रार. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले. जे पाठवलं, त्याची पोच असते. म्हणून हॉस्पिटलातून निघताना काउंटरवरच्या मुलीला विचारलं की काढलेला भाग कुठे गेला, कोणी नेला, कोणाची सही. ती म्हणाली, आज्जी, ते काय पार्सल हाय व्हय? मागे रांगेतले दोघे हसले. मी तिथेच उभ्या उभ्या लेखी अर्ज दिला. उत्तर नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज भांडण झालं.

दुपारी साडेबाराला मी माझं झाकण घेऊन टेबलाशी बसले, तर बाळाबाईंनी समोरच्या मोकळ्या खुर्चीपुढे ताट वाढलं. भाकरी, मटण, रस्सा, कांदा. मला वाटलं स्वतःसाठी घेतलं असेल. पण त्या उभ्याच. मी विचारलं. म्हणाल्या, ह्या घरातली रीतच हाय बाई. जे कापून काढलंय त्याला ठावं न्हाय की त्ये कापलंय. त्याला भूक लागती की. वेळंला त्ये येतंय. तुमच्या पोटात परत जाईस्तोवर सव्वा म्हैना वाढायचं, मग गप व्हतंय.

गेले तीन दिवस मी आत पडून असताना त्या हे ताट वाढत होत्या आणि मागाहून गाईला घालत होत्या, असंही कळलं.

मी सरळ सांगितलं की माझे वडील मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते आणि छपन्न साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली. आमच्या घरात मेलेल्यांनाही कोणी ताट वाढत नाही, मग कापलेल्याला कुठलं? ताट उचला. त्या म्हणाल्या, म्हाळ नका घालू, पर भुकेल्याला तर वाढशिला? मी म्हटलं, भुकेली मी आहे.

ताट उचललं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताट नाही. साडेबाराला समोरची खुर्ची करकरली. वेत उन्हाने तडकतो. एवढंच.

वजन १०६.८. डॉक्टर खूश होतील.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

समोरच्या खुर्चीची वीण मधोमध खाली गेली आहे. शनिवारी ती ताठ होती, हे मी शपथेवर सांगेन. हा खोलगा मला ओळखीचा आहे. डावीकडे जरा जास्त, कारण डावा गुडघा वाचवायला मी त्या अंगाला रेलते. हुपरीच्या घरी माझी खुर्ची अशीच बसली आहे.

आणि आवाज. पन्नासहून जास्त वर्षं माझं पोट जेवणाआधी एका विशिष्ट तऱ्हेने गुरगुरत आलं आहे. आधी लांब, मग दोनदा तुटक. शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्यावरून सिस्टरने मला बाकावर उभं केलं होतं. पुढे टपालाच्या खिडकीमागे मी शिक्क्याच्या आवाजात तो लपवत असे. ऑपरेशनपासून तो बंद होता. पोटच नाही तर गुरगुरणार काय?

आज साडेबाराला तो आला. लांब, मग दोनदा तुटक. टेबलाच्या पलीकडून.

बाळाबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत.

वजन १०१.२.

रविवार, २३ फेब्रुवारी

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, भूक डोक्यात असते, पश्चात्ताप बऱ्याच जणांना होतो, समुपदेशकाकडे पाठवतो. वजन सांगितलं तर म्हणाले, काटा बिघडला असेल. अर्जाचं विचारलं तर दुसरा कॉल आला म्हणाले.

प्रसेनजीतला फोन केला. आई, नेटवर वाच, सगळ्यांना असं वाटतं, म्हणाला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. माझ्या मुलाचं जठर शाबूत आहे, म्हणून त्याला सगळं पचतं.

नवा काटा मागवला. तोही तेच सांगतो. ९६.५.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी वजन ९०.९. दहा दिवसांत साडेअठरा किलो. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. झाकण मी एकही चुकवलेलं नाही. मग माझं जातं कुठे?

टपालात तक्रार आली की आम्ही आधी वजन करायचो. तेच केलं. माझी खुर्ची काट्यावर उलटी ठेवली. ४.२ किलो. दोन्ही खुर्च्या जुळ्या आहेत. साडेबाराला समोरच्या खुर्चीने आपला आवाज केला, तेव्हा मी बाळाबाईंना म्हटलं, धरा एक बाजू. त्या नको नको म्हणत असताना दोघींनी मिळून ती उचलली. रिकामी खुर्ची, आणि दोघींना धाप लागली. काट्यावर टेकवली.

२२.७.

वजाबाकी मला येते. साडेअठरा.

बाळाबाईंनी हात सोडला. पदराने तोंड दाबून म्हणाल्या, वाढा बाई, पाया पडते, एक घास वाढा, त्ये आता तुमालाच खातंय. मी म्हटलं, काहीही वाढणार नाही. आधी ते काय आहे ते मला कोणीतरी लिहून द्या. त्या म्हणाल्या, लेकीवाणी केलं तुमचं, पर तुमची जीभ तुमाला नडंल. चप्पल घालून गेल्या. दारातून एवढंच म्हणाल्या की त्याला दुसऱ्या कुणाचा पत्ता ठावं न्हाय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

७८.३. पायऱ्या उतरताना धरून उतरावं लागतं. हाडं आहेत, मधलं काही नाही.

हुपरीला परत जायचं ठरवलं. एसटी स्टँडपर्यंत रिक्षा बोलावली. बसले. शेजारची गादी खाली गेली. डावीकडे जरा जास्त. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, त्या दुसऱ्या मावशींना जरा आत सरकायला सांगा की, रिक्षा एका अंगाला जातीया.

उतरले. रिक्षा परत पाठवली.

आत येताना दार मी लावलं. वळून पाहिलं तर कडी पडलेली होती, ती मी घातली नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

६६. आळणी संपलं. करायला उभं राहता येत नाही.

ताट वाढलं तर? भाकरीचं पीठ आहे. हात पिठाच्या डब्यापर्यंत गेला — आणि मागे घेतला. भीतीने एकदा सही केली आहे मी. दुसऱ्यांदा भीतीने काही करणार नाही.

पण एक गोष्ट आज त्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले. ते इथे नोंदवते. मांडवात सगळे हसले तेव्हा माझं पोट हसलं नव्हतं. त्याने चौसष्ट वर्षं मिळेल ते घेतलं, बाळंतपणात, संपात, नवरा गेला त्या वर्षीही. आणि मी हसणाऱ्यांचं ऐकून त्याला कापायला दिलं. चुकले. हसणाऱ्यांना कापायला हवं होतं.

गुरगुर थांबली. ऐकत होतं.

मग परत — लांब — दोनदा तुटक.

शनिवार, १ मार्च, सकाळ

५४.७.

१०९.४ चे निम्मे. आज आम्ही सारख्या आहोत. उद्यापासून ती मोठी.

टेबलाच्या पलीकडे आता सावली पडते. रुंद खांदे. मान किंचित डावीकडे. माझ्या बाजूला ऊन सरळ जमिनीवर — माझ्यातून —

प्रसेनजीत उद्या येणार. दार कोण उघडेल?

तोच दिवस, १२ वाजून १० मिनिटं

ताट नाही. ताटाच्या जागी कागद ठेवला आहे. अडतीस वर्षांच्या सवयीने पोचपावती आखली. तीन ओळी. काय मिळाले. कोणाकडून. घेणाऱ्याची सही. बाजूला पेन. हॉस्पिटलने दिली नाही, तर जे आलं आहे त्याने द्यावी.

१२.१९ — खुर्ची पुढे सरकली.

१२.२२ — पेन उचललं नाही कोणी. तरी उभं आहे.

१२.२४ — सही झाली, माझ्याच नावाची. प्रियदर्शनी कांबळे. 'प्रि'च्या वेलांटीचा फाटा मी देते तसाच. मी केली नाही. माझा हात इथे वहीवर आहे, आणि तो — नखांपलीकडे वहीच्या रेघा दिसतात —

'कोणाकडून' भरलं आहे. हॉस्पिटलचं नाव नाही. इथला पत्ता.

पहिली ओळ कोरी आहे. ती कोरी ठेवून सही चालत नाही, हे तिला माहीत असलंच पाहिजे, मला आहे. म्हणून ही लेखी मागणी. काय मिळाले, ते स्पष्ट अक्षरात, आज, १ मार्च २०२५, दुपारी साडेबाराच्या आत लिहून द्यावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. मुदतीनंतर —

१२.२८. लिहीत आहे. पहिलं अक्षर 'प्रि'. फाटा बरोबर. दुसरं —