सुमनताईंच्या वाटणीची भाकरी

९ डिसेंबर

दिवसभर लॅबमध्ये केळी. व्यापाऱ्यानं लांबीला कमी म्हणून टाकून दिलेल्या फण्या चोपड्याहून टेम्पोनं आल्या. सोलायच्या, चकत्या करून लिंबाच्या पाण्यात बुडवायच्या, मग ड्रायरमध्ये. तरी पीठ मळकटच निघालं. कळण्यात (ज्वारी-उडदाच्या पिठात) मिसळलं की भाकरी आणखी काळपट दिसते. गाईड सर म्हणाले, रंगावर जाऊ नका, आकड्यांवर जा.

नखं काळी झालीत. हा चीक कशानंही जात नाही.

धुळ्याला आईला फोन. "पीएच.डी. करी राहिनी का केळी सोली राहिनी?" हसले. आज तेवढंच हसणं.

१४ डिसेंबर

गावात पहिलं पीठवाटप. शुगरवाल्यांचे दोन गट. एकाला साधा कळणा, एकाला कच्च्या केळीचं पीठ घातलेला. कुणाची शुगर उतरते ते बघायचं.

सगळं गल्लीतल्या वडीलधाऱ्या नानांच्या ओट्यावर. नानांनीच गल्ली गोळा केलेली, खुर्च्या मांडल्या, बायांना रांगेत बसवलं, वजनकाट्याखाली फरशी सपाट आहे का तेही बघितलं. आणि नेमके नानाच बाद. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं थकलेली निघाली. अशा माणसाला अभ्यासात घेता येत नाही. रिपोर्ट त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातात दिला. डॉक्टरला दाखवा म्हटलं.

नानांना मात्र एवढंच म्हणाले, "नाना, तुमचं नाव यावेळी बसलं नाही." का, ते सांगितलं नाही. मागे रांग होती. सर गाडीत बसून घड्याळ बघत होते.

नाना म्हणाले, "आम्हना ओटा चालना, आम्ही नही चालनूत."

हसतच म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

२२ डिसेंबर

टी. वाय.च्या वर्गावर फंक्शनल फूड. म्हणजे पोट भरण्यापलीकडे शरीराचं काही भलं करणारं अन्न, वगैरे वगैरे. पहिल्या बाकावरची मुलगी: मॅडम, म्हणजे औषधच ना? म्हटलं, नाही, अन्न. "मग त्याला साइड इफेक्ट नसतात?"

तास संपला. बरं झालं.

प्रदर्शनासाठी केलेली पोस्टरं उरलीत. 'कच्च्या केळीचं पीठ: शुगरला आवर, भरपूर पोटॅशियम.' अक्षरं हिरवी, मोठी. मजकूर माझाच. गावात वाटून टाकते.

५ जानेवारी

गाव. केळीवाल्या गटाची शुगर छान उतरतेय. सर खूश होतील, आणि ते खूश असले की माझी नेमणूक पुढच्या वर्षीही राहील. हे ते कधी बोलत नाहीत. बोलायची गरजच नाही.

एकट्या सुमनताईंचा आकडा हलत नाही. सुमनताई म्हणजे नानांच्या समोरच्या घरातल्या. केळीच्या पॅकिंगला जातात, उन्हातान्हात उभ्या. "ताई, दोन्ही वेळ आपलीच भाकरी खाता ना?"

"खास ना, मॅडम." खाते म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मला वाटलं, गोड खात असणार. तिळगुळावरून चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. त्या मान हलवत राहिल्या. माझं पोस्टर त्यांच्या चुलीमागच्या भिंतीवर, खळ लावून चिकटवलेलं. "बठ्ठं चांगलंच लिखेल शे," म्हणाल्या. सगळं चांगलंच लिहिलंय म्हणे.

नाना ओट्यावर होते. पाय जड वाटतात म्हणाले. वय झालं म्हणाले. पूर्वी मला 'पोरी' म्हणायचे, आता 'मॅडम'. मनाला लागलं.

१९ जानेवारी

बारीक ताप. तरी लॅब. ड्रायर मध्येच बंद पडला, एक ट्रे काळा झाला. फेकायला मन होत नव्हतं. फेकला.

सर: अहवाल फेब्रुवारीत हवा.

२७ जानेवारी

सकाळी अक्कांचा फोन. नानांना जळगावला दवाखान्यात आणलंय. उठता येईना, पायातलं बळच गेलं. कॉलेज टाकून गेले.

अक्का बाकावर बसलेल्या, चपला हातात धरून. डिसेंबरचा रिपोर्ट पिशवीत, कुणाला न दाखवलेला. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, रक्तात पोटॅशियम फार चढलंय, मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत, हृदयाचे ठोके बिघडलेत. आत्ताच डायलिसिस करावं लागेल. नारळपाणी देता का? केळी?

अक्का: "नही हो साहेब. केळं त तेस्ले आवडतच नही."

तेवढ्यात सुमनताई आल्या. पहिल्या एस.टी.नं आलेल्या, पदराखाली डबा. नाना उठले तर खातील म्हणून. अक्कांपुढे झाकण उघडलं. भाकरी. भाकरीवर ठेचा.

भाकरी काळपट होती.

तो रंग कशाचा हे मला कुणी सांगायला नको. दोन महिने नखांत घेऊन फिरतेय.

तिथंच, सगळ्यांसमोर डॉक्टरांना सांगितलं. यात कच्च्या केळीचं पीठ आहे, माझं आहे. डॉक्टरांनी डबा हातात घेतला, वास घेतला, झाकण लावलं. म्हणाले, एकट्या भाकरीनं झालं असं मी म्हणणार नाही. पण ही त्यांच्या पोटात जायला नको होती.

सुमनताईंना काही कळलंच नाही. त्या डबा परत मागत होत्या.

२८ जानेवारी

काल सुमनताईंना चहाच्या टपरीवर नेऊन सांगितलं. लिहायला आज बसतेय.

डिसेंबरपासून रोजची एक भाकरी नानांना जात होती. सुमनताईंच्या वाटणीची. म्हणून त्यांची शुगर उतरत नव्हती. आणि मी तिळगुळावर भाषण देत होते!

"बठ्ठी गल्ली खाई राहिनी नि नाना देखत बसतीन का? तेस्नं तोंड पाहीसन माले घास उतरे ना. म्हनीसन देऊ." म्हणून द्यायच्या.

नानांना नाकारलं हे गल्लीला सहन झालं नव्हतं. का नाकारलं ते गल्लीला ठाऊक नव्हतं. युनिव्हर्सिटीनं चांगलं अन्न वाटलं आणि एका म्हाताऱ्याला वगळलं, त्यांना एवढंच दिसलं.

शेतातलं पहिलं काही घरात आलं की आधी शेजारी वानोळा जातो. मग आपण खायचं. हे मला माहीत नव्हतं का? पहिली वांगी, पहिल्या शेंगा, वाट्या घेऊन आईनं मला धुळ्यात दारोदार पाठवलंय. पण मी पिशवीवर 'फक्त सहभागी व्यक्तीसाठी' असं छापलं आणि झालं आपलं काम असं समजले. इथं कोण एकटं खातं?

सुमनताईंनी कप बाजूला सरकवला. मग, "मी त जीव लाईसन दिधं, मॅडम. म्हंजे मीच..."

म्हटलं, ताई, चूक माझी. खरंच माझीच. पण त्याचा त्यांना काय उपयोग?

चहा तसाच.

३ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ते गृहस्थ आपल्या अभ्यासात नव्हते. जो अभ्यासात नाही त्याचा दुष्परिणाम आपण कुठे लिहिणार?"

सुमनताईंचं काय? "मध्येच सोडून गेल्या असं दाखवा. एक गळाली तर काही बिघडत नाही."

नानांच्या बाबतीत तर खोटं एक अक्षर नाही त्यात. नाना अभ्यासात नव्हतेच. मीच तर काढलं.

मी दारापर्यंत आले, तर सर म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे हो. असं भावनेच्या भरात घालवू नका." वाईट माणूस नाही. तेच जड जातं.

११ फेब्रुवारी

नाना घरी. जीव वाचला. पण मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. केळीच्या पिठामुळे की ती जाणारच होती, हे कुणी सांगू शकत नाही. मी तर रोज दोन्ही बाजूंनी वाद घालते स्वतःशी. एकही जिंकत नाही.

अक्का फोनवर म्हणाल्या, "तेस्ले भाकरनं सांगू नको. ती भाकर तेस्ले गोड लागे."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

२० फेब्रुवारी

पहिल्या बाकावरची मुलगी: "मॅडम, त्या दिवशीचं साइड इफेक्टचं राहिलं."

तासभर पोटॅशियम शिकवलं. धडधाकट माणसाला चांगलं तेच थकलेल्या मूत्रपिंडाला कसं महाग पडतं. गाव, नाव काही घेतलं नाही. मागून एकानं विचारलं, हे परीक्षेला आहे का?

आई फोनवर: बारीक झाल्यासारखा आवाज येतोय तुझा. जेवतेस का? जेवते म्हटलं. गेले काही दिवस कुणी ताट पुढे केलं की आधी विचारावंसं वाटतं, यात काय घातलंय.

१ मार्च

फेब्रुवारीतला अहवाल लांबला, आता सोमवारी द्यायचाय. पिशवीत आहे, सर म्हणाले तसाच, सही केलेली नाही. सकाळी गावाची बस धरली.

गल्लीत शिरले तर ओळखू येईना. तीच घरं, पण दारं ओढून घेतलेली. वाट्यांची ये-जा नाही. कुणी कुणाकडे काही पाठवत नाही म्हणे आता, कुणाला काय बाधेल कुणास ठाऊक. सुमनताई कामाला मागच्या बोळातून जातात, नानांच्या ओट्यावरून जावं लागू नये म्हणून. हे मला किराणावाल्यानं सांगितलं, न विचारता.

नाना ओट्यावर. हाताला पट्टी, सदरा ढगळ झालेला. मला बघून, "ये पोरी, बस."

पुन्हा पोरी म्हणाले. रडू आलं. आवरलं.

इकडचं तिकडचं झालं. मग समोरच्या दाराकडे बघत म्हणाले, "सुमन आते काब्र येत नही? रोज येये. दवाखानामाईन उनू तवपासून एक दिन नही उनी. काय चुकनं व्हई आम्हनं?"

"नाना, ताई येत नाहीत त्यात तुमचं काही चुकलं नाही."

"मंग कोनं चुकनं?"

अक्का आतून येऊन चौकटीत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी 'हो'ची मान हलवली नाही, 'नको'चीही नाही. म्हटलं, सांगते नाना.

आणि जळगावला न्यायची गाडी आली. ड्रायव्हरला घाई, आणखी दोघांना घ्यायचं होतं. अक्कांनी पिशवी उचलली, नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. आतून म्हणाले, "परत उनू म्हंजे सांग. जाऊ नको."

गेले नाही. त्यांच्याच खुर्चीवर बसून हे लिहितेय. सरांचे दोन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. गाडी दिवेलागणीपर्यंत येते म्हणे.

समोर सुमनताई कामावरून आल्यात, मागच्या बोळातून. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. दार लावलेलंच आहे.