आईकडची बाजू

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्याशी भांडायला बसले आहे. उत्तर येणार नाही, म्हणून धीर झाला असं समजा.

गारखेड्यातलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून आपल्या घराण्याची वंशावळ लिहिताय: पणजोबा, आजोबा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. मी दहा-अकरा वर्षांची. कागदावर तुमच्या नावाशेजारी आईचं नाव आणि त्यावर तिच्या वडिलांचं नाव मी पेन्सिलीनं लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, "अगं, तो निराळा वंश. इथं लुडबुड नको." आणि खोडून टाकलंत. व्याकरणाचे मास्तर तुम्ही, इतकी स्त्रीलिंगी नामं चालवायला शिकवलीत मला, पण तुमच्या कागदावर बाईला आईबाप नसायचे.

आठवायचं कारण असं. लहान मुलांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात मी सिस्टर-इन-चार्ज आहे. मध्यंतरी आम्हा नर्सेसना आनुवंशिकतेचं प्रशिक्षण दिलं. पेशंटची वंशावळ काढायची: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत काळं करायचं. बाकीच्या जांभया देत होत्या, मी पहिल्या रांगेत. वंशावळ मला काय नवी? तुमचीच लेक.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिशोरचा एक चार वर्षांचा मुलगा हर्नियासाठी भरती झाला. बरोबर आई आणि नानी. मी चौकोन झरझर काढले: बाप, चुलते, आजोबा, पणजोबा, सगळे धडधाकट. आईचा एक गोल, तिच्या वर कोरा कागद. खाली लिहिलं, 'घराण्यात आजार नाही', आणि अक्षर तुमच्यासारखं सुबक आलं म्हणून खूषही झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला थिएटरकडं नेतोय. पोरगं उपाशी, किरकिरतंय. मी ट्रॉली ढकलतेय आणि नानी माझी बाही धरून चालतेय.

"सिस्टर, खून जादा तो नई जाता ना?"

"नाही हो अम्मा, छोटं ऑपरेशन आहे."

"मेरा बेटा वैसाइच गया. दाढ निकाले, तीन दिन खून रुकाइच नई."

माझे पाय थांबले. तिचा बेटा म्हणजे या मुलाचा मामा. रक्त न गोठण्याचा हा आजार बहुतेकदा आईकडून मुलाकडं येतो, आणि ती स्वतः ठणठणीत असू शकते. नेहमीच्या तपासण्यांत काही दिसलं नव्हतं. आजोळ विचारायलाच हवं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी वहीत अधोरेखितही केलं होतं. आतून थिएटरची सिस्टर हाक मारतेय, "मॅडम, पेशंट द्या ना, सर हात धुऊन उभे आहेत!" मी ट्रॉलीचा ब्रेक दाबला. "नाही देणार," म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

सर बाहेर आले ते तापलेलेच. "हे आधी का नाही कळलं?" सगळे माझ्याकडं बघताहेत. मी म्हणाले, "नातेवाइकांनी आत्ता सांगितलं, सर." व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य, अण्णा. सर वळून नानीवर बरसले. ती पदर सावरत ऐकून घेत राहिली, आणि मी मुलाच्या चादरीची घडी नीट करत राहिले.

तपासणीत तोच आजार निघाला. मोठ्या दवाखान्यातून इंजेक्शनं मिळवून, काही आठवड्यांनी ऑपरेशन सुखरूप झालं. माझं कौतुक झालं. नव्या मुलींना शिकवायचं कामही आता माझ्याकडंच आहे. त्यांना सांगते, पहिला प्रश्न मामाचा.

घरी निघताना नानीनं माझे दोन्ही हात धरले. "गलती हमारी हुई, सिस्टर. पहलेच बोलना था."

"होतं असं, अम्मा," मी म्हणाले.

विचारलंच नव्हतं मी. केसपेपरवर माझ्याच सुबक अक्षरात 'नातेवाइकांनी माहिती उशिरा दिली' असं आहे, आणि त्याच पानावर तिचा पिशोरचा पत्ता. तो मला पाठ आहे. पत्र मात्र तुम्हाला लिहिते आहे, जिथं पोचणार नाही तिथं.