तुला न विचारता दिलेला होकार

आई,

परवा इथल्या, मुलुंडच्या, सोसायटीतल्या बायका माझ्याकडे आल्या होत्या. रस्त्याच्या कामासाठी आमदारांना भेटायचंय, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच जाऊन या, म्हणाल्या. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत. तू असतीस तर तिथल्या तिथे लबाडी पकडली असतीस.

घाटकोपरच्या डोंगरावर आपलं घर खालच्या आळीत होतं. बाबांची गिरणी बंद पडलेली, ते घरात बसून चिडचिड करायचे आणि तू नळासाठी बायका गोळा करत फिरायचीस. तुझी एक रीत होती. आमदाराकडे एकटीने जायचं नाही. पाच जणी जायच्या, आणि दर वेळी बोलणारी वेगळी. काम नसलं तरी महिन्यातून एकदा जाऊन यायचं, त्याच्या आईची तब्येत विचारायची. "त्याका आमची तोंडा म्हायत होवक होयी," म्हणायचीस. परत आल्यावर जी बोलली तिने दोन्ही आळ्यांना बसवून शब्दन् शब्द सांगायचा. मला हे सगळं फार संथ वाटायचं. खरं सांगायचं तर, त्या कार्यालयाबाहेर तासन् तास ताटकळणाऱ्या तुझी मला लाज वाटायची.

तालीम आपल्या स्वयंपाकघरात चालायची. अजून दिसतं मला. तू तांदळाच्या डब्यावर आमदार होऊन बसली आहेस, मनगटावर नसलेल्या घड्याळाकडे बघते आहेस, आणि समोर वरच्या आळीतली शिवणकाम करणारी वहिनी घामाघूम झाली आहे. ती सोलापूरकडची, बौद्ध घरातली. एरवी तिचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा, पण अर्ज हातात आला की घशातच अडकायचा. "बघू, बघू," तू आमदाराच्या सुरात म्हणतेस. ती एकदम उसळते, "बघू नाय साहेब, कधी ते सांगा!" सगळ्या खो खो हसतात आणि स्टोव्हवरचा चहा उतू जातो. येत्या रविवारी बोलायची पाळी तिची होती. आठवडाभर ती मशीन मारता मारता तेच वाक्य पुटपुटत होती.

मागणी एकच होती, नळ आधी वरच्या आळीला. तिथल्या बायका दोन-दोन हंडे घेऊन तो चढ चढायच्या. मी एकदा तुला विचारलं होतं, आधी खाली मिळालं तर काय बिघडलं? "खालच्यांका पाणी गावला की खालचे परत येवचे नाय," तू म्हणालीस. मला वाटलं, आईचा माणसांवर विश्वासच नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी टायपिंगच्या क्लासवरून येताना मी एकटीच आमदाराच्या कार्यालयात गेले. नुसता टाइप केलेला अर्ज देऊन यायचं, एवढंच मनात होतं. पण तो बाहेर आला, मला आत नेलं, बसायला खुर्ची दिली. अर्ज वाचून म्हणाला, "वा! घरात एवढी हुशार मुलगी असताना आईला कशाला उन्हातान्हात पाठवता?" मी एकवीस वर्षांची, मला गुदगुल्या झाल्या. मग तो म्हणाला, "खालपर्यंत पाइप आलेलाच आहे. चार नळ लगेच देतो, वरचं पुढच्या टप्प्यात बघू. चालेल ना, ताई?" तुझं ते 'बघू' माझ्यासमोर बसून बोलत होतं आणि मला ते ओळखू आलं नाही. मी म्हटलं, "चालेल."

घरी आल्यावर सांगणार होते. मग वाटलं, काम होऊ दे, मग सांगू, आई थक्क होईल. शनिवारी त्याचा माणूस सांगून गेला, काम मंजूर झालंय, उद्या यायची गरज नाही. आळीत साखर वाटली गेली. वहिनी तेवढी हिरमुसून म्हणाली, "माझं भाषण राहिलंच की ओ."

पंधरवड्याने तो नारळ फोडायला आला. चारही नळ खालच्या आळीत, त्यातला एक आपल्या दारासमोर. वरच्या आळीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन उभ्या होत्या. वहिनी गर्दीतून पुढे आली आणि ते पाठ केलेलं वाक्य न अडखळता म्हणाली, "वरचं कधी ते सांगा." तो हसून म्हणाला, "अहो, तुमच्याच माणसांना विचारून ठरवलंय. खाली आधी चालेल म्हणाल्या." वहिनी वळली. "कोण म्हणलं?"

तू सगळ्यांकडे बघत माझ्यापर्यंत आलीस. मी खाली बघत होते. तू म्हणालीस, "मीच हो म्हटलंय. काय बोलाचा ता माका बोला."

वहिनी कळशी उचलून चढ चढून गेली, ती पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात आली नाही. स्वतःच्या दारात नळ घेतलान्, हे तुझ्याबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलले. तू म्हणाली होतीस तसंच झालं, खालच्या बायका यायच्या बंद झाल्या. तू एकटी त्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिलीस, वरच्या आळीसाठी. पाणी वर पोचलं तेव्हा वहिनी घर सोडून गोवंडीला गेली होती.

त्या दिवशी घरी आल्यावर तू मला एकच विचारलंस, "तुका खुर्ची दिल्यान काय?" मी हो म्हटलं. तू तांदूळ निवडायला बसलीस.

तुझ्या बाराव्याला एक म्हातारी शेजारीण म्हणाली, बाई कामाची होती, पण शेवटी आपलं तेवढं बघितलंन्. तेव्हाही मी गप्प बसले, आई. सोसायटीतल्या बायका परत विचारायला यायच्या आहेत म्हणून हे पत्र आता घडी करून कपाटात ठेवते. त्यांना मी यातलं काही सांगणार नाही. तुझ्यासाठी मी खूप रडले असं सगळ्यांना वाटतं. पण त्या नळापाशी तू 'मीच' म्हणालीस ना, तेव्हा मला रडू आलं नव्हतं. सुटले बाई, असं वाटलं होतं.