कबनूरच्या बैठकीत बाबा बोलले ते

कोल्हापूर,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ती. आई,

सप्रेम जयभीम. खुशाली नंतर लिहिते. आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं की बाबा दारू सोडणाऱ्यांच्या गटात गेले, तिथं वीस मिनिटं बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी ते पत्र खोटं आहे.

काल प्रसेनजीतमामांचा फोन आला. ते पत्र वाचून तू शनिवारी काजूच्या कारखान्यातलं काम सोडून आजऱ्याहून परत यायचं ठरवलंयस म्हणे. फोनवर माझी जीभ उचलली नाही. मामा स्पीकर लावतात आणि मामी मधूनच ओरडतात, "काय म्हणतंय मास्तर? सुधारलं न्हवं?" म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टाने. शनिवारच्या आत मिळेल.

कोल्हापुरातल्या गटाचा पत्ता दवाखान्यातल्या सिस्टरनी मला लगेच दिला होता. बाबा म्हणाले, "तिथं माझी पोरं भेटतील." पोरं म्हणजे त्यांचे विद्यार्थी, आता पस्तिशीतले. मग तीन आठवडे शोधून मी कबनूरचा गट काढला. यंत्रमागाच्या शेडला लागून एक खोली, रविवारी सकाळी दहा वाजता.

दारात विजयसिंह नावाचे गृहस्थ उभे होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली, आता गट तेच चालवतात. त्या दिवशी त्यांनी कोल्हापुरातून कुणी वक्ते बोलावले होते, ते आलेच नव्हते. बाबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. विजयसिंह हात जोडून म्हणाले, "आलासा व्हय गुरुजी! आमी म्हटलं, गाडी चुकली का काय. या, म्होरं बसा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले.

ते पाचव्या शीलावर, नशेपासून दूर राहण्यावर बोलले, विहारातल्या मुलांच्या वर्गात बोलतात तसेच. शेजारी माग खडखडत होते म्हणून आवाज चढवून. "व्यसनी माणूस आधी स्वतःशी खोटं बोलतो, मग घरच्यांशी," असं म्हणाले तेव्हा मागचा एक माणूस रडायला लागला. त्यानेच शेवटी विचारलं, "गुरुजी, तुमी कवा सोडली?"

बाबा हसले. "मी कधी धरलीच नाही."

टाळ्या तेव्हा वाजल्या. विजयसिंह मला म्हणाले, "पोरी, नशीबवान हायस बघ."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. शिरोली आली. मग म्हणाले, "आता तिथं कुठल्या तोंडानं जायचं गं?" गेले नाहीतच. पिणं वाढलंय. परवा सहा तारखेला विहारात पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय वंदना झाली. मी सगळ्यांना ताप आलाय म्हणून सांगितलं. क्रांतीमावशी म्हणाल्या, "ह्यो ताप लई दिवस टिकलाय की."

शाळेत घालायच्या आधी बाबांनीच मला फरशीवर खडूने लिहायला शिकवलं. "जे पाहिलंस तेवढंच लिही," म्हणायचे. मागच्या पत्रात मी तेवढंच लिहिलं. खोटं न लिहिता फसवता येतं हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. माहीत होतं.

त्या खोलीत मी उठून सांगायला हवं होतं. त्यांचा अपमान होईल म्हणून गप्प बसले, असं आधी लिहिलं आणि खोडलं. मला ते आवडत होतं, आई. दोन वर्षांनी कुणीतरी बाबांकडे आदराने पाहत होतं. अजून थोडा वेळ पाहू दे, असं वाटलं.

आणि एक. त्या सकाळी त्यांचे हात इतके कापत होते की पेन खिशाला अडकेना. मी त्यांना दिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून, चार टोपणं. तू गेल्यापासून बाटली माझ्याच कपाटात असते, ओढण्यांच्या खाली. तोंडाला स्कार्फ गुंडाळून मीच आणते. घरात मिळाली की ते रस्त्यावर पडत नाहीत. तू विचारलं होतंस, तेव्हा मी लिहिलं, "बाबा आता बाहेर पीत नाहीत." तू त्यावरही विश्वास ठेवलास.

शनिवारी येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये म्हणायलाही तोंड नाही. हे वाचून तू ठरव. तुझ्याशिवाय मला घर रिकामं वाटतं, एवढंच.

बाटलीचं मी सिस्टरना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एकदम बंद करू नका, गुरुवारी डॉक्टरांकडे घेऊन या, म्हणाल्या. बाबा तेवढ्याला तयार झालेत.

कबनूरला मात्र येणार नाहीत. मी जाणार म्हटल्यावर काल त्यांनी विचारलं, "त्या लोकांना काय सांगणार आहेस?"

मी म्हटलं, "त्या दिवशी वक्ते आलेच नव्हते, हे. आणि बाटली मी आणते, हे."

ते भिंतीकडे वळून झोपले. पाठ हलत होती. मी जवळ गेले नाही.

अकरा वाजता तिथं घरच्या माणसांची वेगळी बैठक असते. तिथंही बसेन. ते आले तर त्यांच्याबरोबर, नाहीतर एकटी जाईन. रविवारी, १४ डिसेंबरला, सकाळी दहा वाजता.

तुला दोनदा फसवणारी,
तुझीच
संघप्रिया